डाव्या बाजूचा लिंबाजीनाना

लिंबाजीनाना पळताना स्वतःच स्वतःला हाकायचा. "चल रं राजा! धर वाट! आरं, उजवीला सरक, काटं हायती!" असं ओरडत तो आमच्या वेशीतून निघायचा आणि लगेच आपणच उजवीला सरकायचा. मधेच जीभ टाळूला लावून टक् टक् करायचा. चढ आला की हात मागं नेऊन स्वतःच्याच कंबरेवर एक थाप मारायचा. समोरून येणारा परगावचा माणूस गाडीला वाट द्यावी म्हणून आधी बाजूला व्हायचा, आणि मग गाडी कुठं दिसेना म्हणून बराच वेळ तिथंच उभा राहायचा.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. आमचं गाव बीड जिल्ह्यात, नेकनूरच्या जरा पलीकडं. कचेरीचा कारभार उर्दूत, घरातला मराठीत आणि भांडणं दोन्ही मिळून. माझं किराण्याचं दुकान अगदी वेशीला लागून. गूळ, मीठ, तेल, सुपारी विकत मी दिवसभर मांडी घालून बसलेला असे. पळण्याचं मला पहिल्यापासून वावडं. लहानपणी कुत्रं मागं लागलं तेव्हासुद्धा मी पळालो नव्हतो, जागेवरच उभा राहून बोंबललो होतो. त्यामुळं चाळिशी ओलांडलेला, नातवंडं खेळवायच्या वयाचा माणूस आपखुशीनं धापा टाकत जातो हे बघून मला पहिले दोन-चार दिवस त्याची काळजी वाटली. नंतर मजा वाटायला लागली. आणि त्यानंतर, माझं कुठं चुकलं कोण जाणे, मी त्यात ओढला गेलो.

नाना तसा सरळ माणूस. कोरडवाहू शेत, बायको गोदावहिनी, आणि हौश्या-पाखऱ्या ही बैलजोडी. मूलबाळ नव्हतं. जे काही लाड करायचे ते त्यानं बैलांचे केले. हौश्या तांबडाभडक, उजव्या बाजूचा. पाखऱ्याच्या पाठीवर पांढरे ठिपके, तो डाव्या बाजूचा. ज्यांनी कधी बैल बाळगले नाहीत त्यांना सांगून ठेवतो की बैलाची बाजू ही लहानसहान गोष्ट नाही. डावीकडं जुंपायची सवय लागली की तो बैल जन्मभर डावीकडंच चालतो. त्याला उजवीकडं घातलं तर बावरतो, तिरका होतो, पोराटोरांनी हसावं असा चालतो. आणि चांगल्या जोडीतला बैल जोडीदाराच्या पुढं कधी पाऊल टाकत नाही. नानाची जोडी तशी होती. दोघांच्या पाठीवर पाण्यानं भरलेली परात ठेवली असती तरी सांडली नसती.

पावसाळा सरता सरता पाखऱ्याला फऱ्या रोग झाला. पाय ओढायला लागला आणि औषधपाणी करेपर्यंत गेला. नानानं शेताच्या कडेला खड्डा खणला, माझ्याकडनं मीठ नेलं, पाखऱ्याला मातीआड केलं. घरी येऊन बघतो तर हौश्या गोठ्यात बसलेला. तो उठेना. वैरणीला तोंड लावीना. शेजारच्यांनी आपापले बैल आणून शेजारी जुंपून बघितले, तर हौश्यानं एकेकाच्या बरगडीत शिंग घातलं. गावातले जाणते येऊन मान हलवून गेले.

शेवटी नानानं काय केलं, जूं हौश्याच्या मानेवर ठेवलं आणि डावीकडचं टोक आपल्या खांद्यावर घेतलं. हौश्यानं एकदा हुंगलं. मग उठला आणि चालायला लागला. दोघं वेशीपर्यंत गेले, परत आले आणि हौश्यानं घमेलंभर सरकी खाल्ली. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ही नवी जोडी गावातनं फिरायला लागली. गोदावहिनी माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "बगा आप्पा, लगीन लागलं माझ्यासंगं, आन जोडी जमली बैलासंगं."

पण फिरणं वेगळं आणि पेरणी वेगळी. वखर-तिफण काही माणसाच्या खांद्यावर चालत नाही. दुसरा बैल विकत घ्यायची नानाची ऐपत नव्हती, आणि घेतला तरी हौश्या त्याला उभा करून घेणार नव्हता. एकट्या बैलाला शेतकऱ्याच्या घरी किती दिवस ठेवणार? नेकनूरच्या बाजारात असले बैल घेणारे व्यापारी होते. ते बैल पुढं कुठं जातात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नसे.

अशात उन्हाळ्याच्या तोंडाला दवंडी आली. निजाम हुजुरांच्या सालगिरहनिमित्त, म्हणजे वाढदिवसानिमित्त, तहसीलदार साहेबांनी पळण्याची शर्यत ठेवली होती, चौसाळ्याच्या वेशीपासून नेकनूरच्या बाजारापर्यंत. साहेब हैदराबादेत शिकलेले. विलायतेत लोक असले लांब लांब पल्ले पळतात, तेही मागं कोणी लागलेलं नसताना, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. दुसरा येईल त्याला जरीचं पागोटं. पहिला येईल त्याला एका जहागीरदारानं दिलेला लाल कंधारी गोऱ्हा.

दवंडीवाला पुढं जायला निघाला तसा नानानं त्याचा हात धरला. "गोऱ्हा कंच्या बाजूचा हाय?"

"मला काय म्हाईत बे! अजून जुवाखाली गेला न्हाई म्हंत्यात."

"मंग डावा व्हईल," नाना म्हणाला आणि तिथनं थेट माझ्या दुकानात आला. "आप्पा, हौश्या थोराड बैलाला मारतो, वासराला चाटतो. ह्यो गोऱ्हा आला तर हौश्या घरी ऱ्हातो. न्हाई आला तर बाजार. मधी काई न्हाई."

"पर नाना, तुमी पळणार? जल्मात कधी पळालात का?"

"मान्सानं पळायचं कसं, ते मला म्हाईत न्हाई. बैल पळवायचा कसा, ते म्हाईत हाय. तवा आता मी बैल."

हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की मीही मान डोलावली. त्या दिवसापासून तो स्वतःला 'जनावर' म्हणायला लागला. "आज जनावर जरा सुस्त हाय." "जनावराच्या पोटात कळ आली." "आप्पा, जनावरापुढं विडी वढू नका, ठसका लागतो." पहिल्यांदा गाव हसलं. मग गावालाही ती सवय लागली आणि लोक गोदावहिनीला विचारायला लागले, "काय वैनी, जनावर उठलं का?"

शर्यत आठ-दहा दिवसांवर आली तसा सराव रंगात आला. नानानं भाकरी सोडली आणि भिजवलेले हरभरे, गूळ, तीळ यावर राहायला लागला. एक दिवस त्यानं सरकी मागितली. गोदावहिनी म्हणाली, "ताट कावून मागता मंग? गव्हाणीत घाला की तोंड!" बाई रागानं बोलली होती. नानानं मात्र त्यावर थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "नगं. हौश्याला अडचण व्हईल."

पाण्याची तऱ्हा तर विचारूच नका. आमच्याकडं बैल पाण्यावर नेला की माणूस शीळ घालतो. शीळ ऐकत बैल सावकाश पोटभर पितो. नानानं नेम केला की शीळ घातल्याशिवाय जनावर पाणी पिणार नाही. आता घरात दुसरं माणूस म्हणजे गोदावहिनी, आणि बाईमाणसानं शीळ घालायची म्हणजे गावात राहायची सोय नाही. ती तांब्या घेऊन दुकानाशी यायची आणि म्हणायची, "आप्पा, घाला ओ जरा. कवाधरनं वाळून उभे हायत." मी गिऱ्हाईक सोडून शीळ घालायचो. नाना तांब्या तोंडाला लावून सावकाश घुटके घ्यायचा आणि मी थांबलो की तोही थांबायचा. त्या उन्हाळ्यात माझे ओठ फुटले ते उन्हानं नव्हेत.

मग तो न्हाव्याकडं गेला. अंगावरचे भोवरे बघून बैल शुभ की अशुभ ते ठरवतात, तसे त्यानं आपले भोवरे बघायला लावले. न्हाव्यानं त्याची पाठ, मान, टाळू सगळं तपासून सांगितलं, "नाना, टाळूवर एकच हाय, तोबी सगळ्यांना असतो." नानाचं समाधान झालं नाही. पण वाईटही काही निघालं नाही म्हणून तो नालबंदाकडं गेला.

बाबूमियाँ नालबंद बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायचा. झाडाखाली भाता, हातोडी, खिळे मांडून बसलेला. नाना त्याच्यापुढं जाऊन बसला आणि पाय पुढं केला. "मारा पत्री."

बाबूमियाँनं पाय हातात घेतला, उलटा-पालटा करून बघितला. "नाना, खूर कां है तुम्हारे कने? गोश्त में खीला ठोकूँ क्या मैं?"

"पत्रीबिगर बैल लांबचा पल्ला मारत न्हाई, बाबूमियाँ. वाटलं तर पाय बांधून पाडा मला, म्या लाथ मारणार न्हाई."

"अगे अल्ला!" बाबूमियाँ म्हणाला आणि बराच वेळ दाढी खाजवत बसला. शेवटी त्यानं नानाच्या जाड चामड्याच्या वहाणा मागवल्या आणि त्यांच्या तळाला पत्र्याचे तुकडे ठोकून दिले. तेव्हापासून नाना खडकावरून पळायला लागला की कढई घासल्यासारखा आवाज यायचा आणि रस्त्यावरची शेळ्या-मेंढरं आधीच रानात शिरायची.

आता माझ्यावरची खरी आपत्ती सांगतो. नानाचं म्हणणं पडलं की लांबच्या पल्ल्याला जनावराला हाकणारा लागतो आणि मागं ओझं लागतं. "वजन वडून पळालेलं जनावर मोकळं सुटलं की उडतंय." गावातला सर्वांत वजनदार आणि सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस मीच. त्यानं कोणाची तरी दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, आणली, उजवीकडं हौश्याला जुंपलं, डावीकडं स्वतः उभा राहिला आणि मला वर बसवलं. पहिल्या दिवशी मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी वारा लागला आणि बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी उपरणं फडकवत "हाऽ हाऽ माझ्या राज्या!" असं ओरडत होतो. हाकणारा असला की नाना स्वतः अगदी गप्प असे. जुवाखाली जनावर बोलत नाही, हा त्याचा नियम.

त्या तिसऱ्याच दिवशी समोरून घोड्यावर गिरदावर साहेब आले. गिरदावर म्हणजे महसुलाचा मोठा अंमलदार, गावोगाव फिरून तपासणी करणारा. वेठीला माणसं धरू नयेत असा सरकारचा नुकताच हुकूम निघालेला. आणि साहेबांनी बघितलं काय, तर एक लठ्ठ वाणी गाडीत बसून बैलाच्या जोडीनं एका गरीब माणसाला जुंपून पळवतोय.

"रोको!" साहेब ओरडले. "अरे बदमाश! आदमी को जोता? वेठ बंद है, सरकारी हुक्म नहीं सुना?"

माझी तर बोबडीच वळली. "हुजूर, उनोच बोले... उनकी खुशी है... नाना, सांगा की साहेबांना!"

नाना काही बोलेना. जुवाखाली होता ना! साहेबांनी घोडा जवळ घेतला आणि मायेनं विचारलं, "बाबा, डरो मत. किसने जोता तुमको?" नानानं कानाजवळची माशी उडवायला मान हलवली. हौश्यानंही हलवली. साहेबांचा चेहरा रागानं लाल झाला. "मारपीट करके गूँगा कर डाला इसको! चल, तू कचेरी चल!"

मी गाडीतून उडी मारली आणि नानाला जुवातून सोडवलं. सुटल्याबरोबर त्यानं घाम पुसला आणि झुकून मुजरा केला. "सलाम मालक. आप्पाचा काई कसूर न्हाई. जनावर माझंच हाय."

"कौन सा जानवर?"

नानानं आपल्या छातीला हात लावला. साहेब घोड्यावरून उतरले, लिंबाखाली बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. नानानं त्यांना सगळी हकीकत सांगितली, पाखऱ्या, हौश्या, गोऱ्हा, सगळी. साहेब एकदा त्याच्याकडं, एकदा हौश्याकडं बघत राहिले. शेवटी म्हणाले, "जाओ बाबा. मगर इस मोटे को थोड़ा कम बिठाओ." शर्यतीच्या दिवशी शेवटच्या दोरीपाशी पंच म्हणून आपणच उभं राहू, असंही त्यांनी जाताना सांगितलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी गोदावहिनीनं पोळ्याला बैलांचे मळतात तसे नानाचे खांदे तूप-हळदीनं मळून दिले. डाव्या बाजूला चालणाऱ्याचा उजवा खांदा जोडीदाराला घासतो. तिथं घट्टा पडलेला. ती तोंडानं त्याला शिव्या देत होती आणि तो घट्टा मळता मळता तिचा हात फार हळू झाला होता.

शर्यतीला चौसाळ्याला पंधरा-वीस जण जमले. तालमीतले पैलवान, पोलिसातला एक लांबटांग्या जवान, आणि धर्मापुरीकडचा म्हाळू नावाचा काटकुळा धनगर. नानाच्या वहाणा बघून सगळे हसले. मी माझं तट्टू घेऊन मागून जाणार होतो. पाण्याच्या ठिकाणी शीळ कोण घालणार? गोदावहिनी हौश्याला घेऊन पहाटेच नेकनूरला गेली होती. जिंकलेला गोऱ्हा हौश्याला तिथल्या तिथं दाखवायचा, असं नानानं ठरवलेलं.

बार निघाला आणि पळापळ सुरू झाली. आणि मग आमच्या सगळ्या गावाला जे सुचलं नव्हतं ते माझ्या लक्षात आलं. गेले कित्येक दिवस नाना हौश्याशिवाय पळालाच नव्हता. उजवीकडं कोणी नाही म्हटल्यावर तो हौश्याला शोधत उजवीकडं सरकू लागला आणि सरकत सरकत ज्वारीच्या धसकटात शिरला. बाहेर आला, पुन्हा शिरला. शेवटी त्यानं स्वतःला हाकायला सुरुवात केली. "डावीला! आरं, डावीला घे!" त्याचा आवाज असा दणदणीत की पुढचे दोन पैलवान घाबरून डावीला वळले आणि चारीत पडले.

मी तट्टावर बसून कपाळ बडवत होतो. सगळ्यांत शेवटी नाना, त्याच्या मागं मी. वाटेवरच्या गावांतले लोक पाणी घेऊन उभे. नाना तांब्या हातात घेऊन माझ्याकडं बघायचा. माझ्या तोंडाला कोरड पडलेली, शीळ कुठली निघायला! नुसती फूं फूं हवा. एका म्हातारीनं विचारलं, "कावून पीत न्हाई गं बाई ह्यो?" पण एवढ्याशा फुंकरीवरही नाना दोन घोट प्यायला, हे माझ्यावरचं त्याचं प्रेम.

मग एक चमत्कार झाला. म्हाळू धनगर पायात काटा रुतला म्हणून बसला होता. तो उठून पळायला लागला तो नेमका नानाच्या उजव्या अंगाला. नानाचं हाकणं एकदम थांबलं. मान सरळ झाली. पाऊल म्हाळूच्या पावलाला जुळलं. आणि ती जोडी अशी सुटली की माझं तट्टू चौखूर उधळलं तरी मागं पडू लागलं! एक पैलवान मागं टाकला, दुसरा टाकला, मांजरसुंब्याचा घाट उतरावा तसे दोघं सपाटीवर पळत होते. म्हाळू बिचारा सारखा बाजूला बघायचा. तो जोरात गेला की नाना जोरात. तो हळू झाला की नाना हळू. त्यानं ओरडून विचारलंसुद्धा, "आवो पावनं, तुमी माझ्या मागं का लागलाव?" नाना काय बोलणार! जुवाखाली होता.

नेकनूर दिसायला लागलं. लांबटांग्या जवानही मागं पडला. पुढं फक्त बाजार, गर्दी, दोरी, दोरीजवळ गिरदावर साहेब आणि खुर्चीत तहसीलदार साहेब. मी ओरडत होतो, "नाना, आता व्हा फुडं! सोडा त्येला! फुडं व्हा!" नानाच्या अंगात दम शिल्लक होता, हे मला मागून दिसत होतं. पण जोडीदाराच्या पुढं पाऊल टाकायचं त्याच्या पायांना येतच नव्हतं.

आणि दोरी हाताशी आली असताना म्हाळूच्या पोटरीत गोळा आला. तो मटकन खाली बसला. नाना थांबला. नुसता थांबला नाही, म्हाळूच्या डावीकडं मान खाली घालून उभा राहिला. सगळा बाजार ओरडायला लागला. "आरं जा की! जा की फुडं!" तहसीलदार साहेब खुर्चीवर चढले. गिरदावर साहेब ओरडले, "नाना, आव! आव ना बाबा!" म्हाळू खालून त्याला ढकलत होता. "जा की ओ, मी मेलो न्हाई!" नानाच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं, पाय काही निघत नव्हते. मागून तो जवान येत होता. त्याच्या बुटांचा आवाज मला ऐकू यायला लागला.

गर्दीत एकच माणूस ओरडत नव्हतं. गोदावहिनीनं हौश्याचं दावं सोडलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. हौश्या गर्दी फोडत, दोरी छातीवर घेऊन तोडत आत आला. नानाला हुंगलं, वळला, आणि त्याच्या उजव्या अंगाला येऊन उभा राहिला. "चला," गोदावहिनी म्हणाली. एवढंच. आणि दोघं चालत, अगदी संध्याकाळी फिरायला जातात तसे चालत, जिथं दोरी होती ती जागा ओलांडून गेले.

म्हाळू एका पायावर उड्या मारत मागनं आला आणि जवानाच्या हातभर आधी पोचला. मग वाद! बैलाची मदत घेतली म्हणून नाना बाद, असं काही जण म्हणाले. तहसीलदार साहेबांना इतकं हसू येत होतं की त्यांना निकाल देता येईना. गिरदावर साहेबांनी गंभीरपणे सांगितलं, "दो जानवर साथ आए. पहला कौन, ये वो आपस में देख लेंगे." लोकांनी टोप्या उडवल्या. म्हाळूला पागोटं मिळालं, त्याचं लग्न ठरलेलं होतं, तो खूश. आणि गोऱ्हा समोर आणला तेव्हा हौश्यानं शिंग उगारलं नाही. त्यानं त्याची मान हुंगली आणि चाटायला लागला. मी तट्टावरून उतरलो आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपखुशीनं पळत जाऊन नानाला मिठी मारली.

गोऱ्ह्याला हळूहळू जुवाची सवय लावली. मृगाच्या आधी त्या नव्या जोडीनं पहिल्यांदा वखराची पाळी घातली, सबंध सकाळभर. दुपारी नाना माझ्या दुकानात आला. मी नेहमीच्या थट्टेनं विचारलं, "काय म्हंतंय जनावर?"

"दोनी बेस चालले," नाना म्हणाला आणि पोत्यावर बसला. "हौश्यानं एकदाबी मान वळवून माझ्याकडं बघितलं न्हाई, आप्पा."

"मंग? त्येच तर पायजे हुतं की!"

"त्येच पायजे हुतं." तो आपल्या हातांकडं बघत होता. "वखर धरून मागनं चाललो हुतो. डावीकडं लाल पाठ. पाखऱ्याची पांढऱ्या ठिपक्याची हुती... इतके दिस त्या जाग्यावर मी हुतो. मला वाटायचं, मी उभा हाय तवर जागा त्येचीच हाय. आज तिथं दुसरं जनावर चाललं, तवा कळलं, आप्पा. पाखऱ्या गेला."

आणि तो रडायला लागला. मोठ्यानं, खांदे हलवून, लहान मूल रडतं तसा. मी पाण्याचा तांब्या भरला आणि तो हातात धरून नुसता उभा राहिलो.

तेवढ्यात शेतातनं परत येणारी गोदावहिनी रिकामी पाटी घेऊन दाराशी आली. नवऱ्याला बघून ती थांबली. मी त्याला उठवायला पुढं झालो तसा तिनं हात आडवा धरला.

"उठवू नका, आप्पा. पाखऱ्या गेला त्या दिवसापासनं मी याचीच वाट बघायले."

मी दुसरं पोतं पुढं सरकवलं. तिनं पाटी खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली.